हललेली माती

"हळू चाल, म्हाताऱ्या. तो बारा वर्षं थांबलाय, आणखी घटकाभर थांबेल," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. एव्हेलिओनं मागे वळूनही पाहिलं नाही. खांद्यावर ती लांब लोखंडी सळई, पाठीला फावडं, कमरेला कोयता, डोक्यावर गवताची टोपी. सत्तरीचा माणूस, पण डोंगर दिसला की वय घरी विसरून येतो. हा त्याचा जुना रोग.

जागा सिक्तोनं सांगितली होती. सिक्तो म्हणजे आमच्या गावचा खेचरवाला. मरायला टेकला तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "दोन्या ओतिलिया, तुमच्या पोराला, दाइरोला, बंदूकवाल्यांनी बसमधून उतरवलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची चार माणसं पाहिली. कोकोच्या मळ्यावरून, दगडी ओट्यांकडून खाली येत होती. हातात फावडी होती." दहा वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस रोज माझ्या दारावरून खेचरं हाकत होता, वर 'काय दोन्या, बरं आहे ना?' असंही अदबीनं विचारत होता. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण तो तरी काय करणार? त्याच्याही घरात चार पोरं होती. मी त्याला दोन घोट पाणी पाजलं आणि घरी आले.

सरकारी माणसांना कळवलं. यादीत नाव आहे, पाऊस संपला की येऊ, म्हणाले. दोन पावसाळे गेले. मग मी एव्हेलिओला म्हटलं, "तीस वर्षं लोकांची मढी उकरलीस. आता आपलं उकर."

खोटं नव्हतं ते. या डोंगरात पूर्वी राहणारे, ते दगडी ओटे बांधणारे ताइरोना लोक आपल्या माणसाला सोन्यासकट पुरायचे, आणि माझा नवरा ते सोनं काढायचा. महिना महिना जंगलात. परत यायचा तेव्हा अंगाला थडग्याचा वास. मी त्याला अंगणातच आंघोळ घालायचे. दाइरोनं कधी त्या सळईला हात लावला नाही. तो केळीच्या बागेत कामाला जायचा. सरळमार्गी पोरगं होतं माझं, आणि नेलं कुणाला, तर त्याला.

ओट्यांवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उकडलेली केळी आणि मिठाचं चीज काढलं. एव्हेलिओनं दोन घास खाल्ले आणि उठला. सळई दोन्ही हातांनी धरून जमिनीत दाबायची, हाताला काय लागतं ते बघायचं, उपसायची, टोकाची माती बोटावर घेऊन हुंगायची, पुढे सरकायचं. न हललेली जमीन सळईला अडवते. एकदा खणलेली असली की सळई सुळकन आत जाते. एरवी त्याचं मला काही कौतुक नव्हतं, पण त्या दिवशी त्या हातांकडे मी देवाकडे बघावं तशी बघत होते.

दुपारी तो एका जागी थांबला. सळई मुठीपर्यंत आत गेली.

"मऊ आहे," तो म्हणाला.

"मग खण ना! बघत काय बसलायस?"

"ओतिलिया, हललेली माती हललेलीच राहते. बारा वर्षांची की पाचशे वर्षांची, ते सळईला कळत नाही."

"खण म्हणते ना!"

तो खणू लागला. माती उताराखाली भिरकावत होता. मी काठावर गुडघ्यांवर बसून प्रत्येक ढेकूळ बघत होते. काळ्या मातीखाली काळी-तांबडी मिसळलेली माती लागली. तो अचानक पायानं काहीतरी मातीत दाबायला लागला.

"काय लपवतोयस?"

"काही नाही."

"पाय उचल!"

त्यानं पाय उचलला. खापराचा तुकडा होता, नक्षीचा. तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण मी म्हटलं, "असेल कुणाचंतरी मडकं. थांबू नकोस."

मग कमरेइतक्या खोलीवर त्यानं फावडं टाकलं आणि बोटांनी उकरायला लागला. हिरवट गंज चढलेलं एक कडं वर आलं. पाठोपाठ दुसरं. त्यानं ते तोंडात घालून चिखल चोखून काढला, थुंकला, आणि सवयीनं खिशात टाकलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याचे डोळे चमकले. मेल्याला पोराचा विसर पडला, असं वाटून माझं डोकंच फिरलं.

"खिशातून काढ ते!"

त्यानं मुकाट्यानं काढलं. "कानातलं आहे," म्हणाला. अंगठ्यानं घासलं तर हिरव्याखालून पिवळं दिसायला लागलं. "आत तांबं जास्त. पण आंबट पाल्याच्या रसात घालून वरचं तांबं खाऊ द्यायचे, की सोनं तेवढं वर राहायचं. आधी मेणाचं करायचे, मग मातीच्या साच्यात ओतायचे, साचा फोडायचे. तीस वर्षांत मला दोन सारखी कधी मिळाली नाहीत." बोलता बोलता त्यानं नाकातलं, ओठातली खुंटी आणि लाल मणीही उकरून उघडे केले.

"मला नको सांगूस. माणूस कुठाय?"

"कुठला माणूस?"

"ज्याचं हे आहे तो. कानातलं इथे, नाकातलं तिथे, ते लाल मणी खाली. मधलं डोकं कुठाय?"

एव्हेलिओ खड्ड्यातच खाली बसला.

"नसतं गं. या मातीत हाडं टिकत नाहीत. ओली माती, आंबट. सगळं खाऊन टाकते. सोनं ठेवते तेवढं."

"तुला हे ठाऊक होतं?"

"मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

"आणि तरी आलास माझ्याबरोबर?"

"बारा वर्षांत सगळं नाही जात," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पण या डोंगरात त्यांनी पुष्कळ पोरं पुरलीत. मिळालंच कुणी, तर हाच आपला, हे कशावरून सांगायचं? काय होतं त्याच्या अंगावर?"

मला तोंडपाठ होतं. इतक्या कचेऱ्यांत सांगितलं होतं. बनियन, नाडीची चड्डी. बूट तर त्यांनी रस्त्यातच काढून घेतले, बसमधल्यांनी पाहिलं होतं. धातूचं काही होतं का? काही नव्हतं. आणि का नव्हतं, ते मला एकटीला माहीत होतं. एकटीला कसलं, त्यालाही.

दाइरोच्या बाप्तिस्म्याला एव्हेलिओनं पोराच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला सोन्याचा बेडूक घातला होता. नखाएवढा. डोंगरातून आणलेला, न विकता ठेवलेला एवढा एकच. मी दुसऱ्या दिवशी तो तोडून नदीत फेकला. मेलेल्याचं सोनं माझ्या लेकराच्या अंगावर नको, म्हणाले. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला वाटलं होतं मी जिंकले.

"असता ना रे तो गळ्यात," मी म्हटलं. बारा वर्षं कोरडी राहिले होते. त्या परक्याच्या खड्ड्याशी बसून मी अशी रडले, की माकडंसुद्धा ओरडायची थांबली.

"त्यांनी ओरबाडून घेतला असता, ओतिलिया. बूट सोडले नाहीत, सोनं सोडलं असतं?"

माझं मन राखायला म्हणत होता. पण खरंही असेल.

रडून झाल्यावर मी म्हटलं, "परत ठेव सगळं. होतं तसं."

"उद्या दुसरा कुणी येऊन काढेलच."

"काढू दे. तू नाही."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. नाही घातला. कुठली वस्तू कुठं असते, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं कडी दोन बाजूंना ठेवली. मधे नाकातलं, टोकं खाली करून. त्याखाली ओठातली खुंटी. मग मणी एकेक करून गळ्याभोवती लावले, एक राहिला होता तो मातीत चाचपून शोधून काढला. सगळं झाल्यावर कितीतरी वेळ तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

"बाई असेल की पुरुष?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. कधी बघितलंच नाही."

मग माती लोटायला घेतली, तर काठावर मातीच नव्हती. सगळी त्यानं उताराखाली भिरकावली होती. तीस वर्षांत एकही खड्डा त्यानं बुजवला नव्हता, माती जवळ ठेवायची असते हे त्याला माहीतच नव्हतं. तो खाली उतरला आणि टोपीत माती भरभरून वर आणायला लागला. मी हातांनी पसरत होते.

बऱ्याच खेपा झाल्यावर टोपी रिकामी करता करता त्यानं विचारलं, "आपल्या पोरावर एवढी तरी घातली असेल का गं त्यांनी?"

"घातली असेल," मी म्हटलं. "पुरे आता. ऊन उतरलं."

"अजून खोल आहे," तो म्हणाला आणि टोपी घेऊन पुन्हा खाली उतरला.