आखूड वायर

लिफ्टच्या कंपनीत तिला सगळे पाहुणी म्हणत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची, म्हणून दरवर्षी कोणीतरी यायचं, चार दिवस हाताला ग्रीस लावून घ्यायचं आणि सर्टिफिकेट घेऊन पसार व्हायचं. नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत कोण पडतो? पाहुणीला त्याचा मनस्वी राग येई. आपण तसल्यांतल्या नाही हे दाखवायची तिला भारी हौस, आणि त्या हौसेनेच घात केला.

दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. प्रत्येक मजल्याच्या दारात एक छोटा स्विच असतो. दार नीट लागलं नाही की तो वीज तोडतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र या स्विचांना थोडा वेळ फसवावं लागतं. त्यासाठी गच्चीवरच्या मशीन रूममधल्या पॅनेलमध्ये एक जादा वायर लावतात. तिला म्हणायचं जंपर. पाहुणीला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं, त्या मॅडमचा जंपर म्हणजे एक ध्यान होतं: लालभडक, चांगला हातभर लांब, टोकाला चिंधी बांधलेली. तो लावला की बाहेर लोंबत राहायचा आणि पॅनेलचं दार लागायचंच नाही. एवढ्या शिकलेल्या बाईने असला गबाळा जंपर वापरावा, हे पाहुणीला बघवेना. तिने घरी बसून स्वतःचा बनवला. आखूड, निळा, टोकं सुबक दाबलेली. पॅनेलमधल्या बाकीच्या निळ्या वायरींत तो असा मिसळून जाई, की कंपनीतूनच तसा आलाय असं वाटावं. उद्या-परवा मॅडमना दाखवू, त्या खूश होतील, असं तिच्या मनात होतं.

त्या दुपारी त्या दोघी डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. दवाखाना चौथ्या मजल्यावर, लिफ्ट जुनी, दार हाताने ओढायचं. चौथ्यावरचा स्विच खराब झाल्याने ती मध्येच अडून बसायची. मॅडम दारापाशी बसल्या, पाहुणी वर पॅनेलपाशी. खालून फोन आला, "जंपर लाव." मॅडमचा लाल जंपर पिशवीत होता, तरी पाहुणीने आपला निळा लावला. स्विच बदलून झाला. तेवढ्यात मॅडमना दुसरीकडून फोन आला, तिथे लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. त्या जिन्यात धावत आल्या, "पॅनेल बंद झालं का?" असं ओरडून विचारलं. पाहुणीने दार लावलं. ते छान लागलं.

"झालं, मॅडम."

मॅडमनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पाहुणीला घरी जायला सांगून त्या निघून गेल्या.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, म्हणून स्वारी खुशीत होती. घाम पुसायला तिने रुमालासाठी पिशवीत हात घातला. बोटांना मॅडमच्या जंपरची चिंधी लागली. निळा लागला नाही.

तिने पिशवी मांडीवर उपडी केली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी. निळा नव्हता. पॅनेलचं दार लागलं, म्हणजे जंपर निघाला, असा मॅडमचा हिशेब होता. त्यासाठीच तो इतका लांब ठेवलेला. हे तिला आत्ता, बसमध्ये कळलं.

आता तिथे दार उघडं राहिलं तरी लिफ्ट निघून जाणार होती. मागे उरणार होतं उघडं दार आणि खाली काळा खड्डा. आणि तिथून जाणारी माणसं कोण, तर डोळ्यांत औषध घातलेली, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली.

तरी तिला आधी आठवलं ते सर्टिफिकेट. आपण आधी स्वतःसाठी घाबरलो याची तिला लाज वाटली, पण लाजेने भीती काही कमी झाली नाही. मॅडमचा फोन बंद लागत होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि रस्त्याच्या कडेने पळत सुटली. जीव मुठीत धरून पळताना तिचं मन सौदे करत होतं. गुपचूप वर जाऊ, वायर काढू, कोणाला पत्ता लागणार नाही. अर्ध्या रस्त्यात तिला आठवलं, किल्ली मॅडमकडे आहे.

चार मजले चढून ती पोचली तेव्हा दार बंद होतं. लिफ्ट खाली कुठेतरी घरघरत होती. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. दवाखान्यातून एक सून आपल्या सासऱ्यांचा हात धरून बाहेर आली. म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"बाजूला हो गं जरा," सून म्हणाली.

"बंद आहे."

"बंद कशी? आवाज तर येतोय."

पाहुणीने दारासमोर दोन्ही हात पसरले. "माझ्या हातून चूक झालीय," ती म्हणाली. "दार उघडं असलं तरी लिफ्ट सुटते. कोणी पडेल. प्लीज, कोणी हात लावू नका."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. पाहुणीने सगळं एका दमात ओकून टाकलं.

"लिफ्ट वर बोलव," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आत थांबवायचं लाल बटण आहे ना? ते दाब, दाबलेलंच राहतं. मी निघाले."

लाल बटण! परीक्षेत तिने त्याची आकृती काढली होती. भीतीपोटी साफ विसरली होती.

तिने लिफ्ट बोलावली. दाराच्या काचेत उजेड आला आणि थांबला. तिने दार ओढलं, आतली जाळी सरकवली आणि एक पाय आत टाकला. त्याच वेळी खालच्या कोणीतरी बटण दाबलं असावं. पायाखालची जमीन खाली जाऊ लागली. एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर. ती किंचाळली आणि आत कोसळली, आणि कोसळता कोसळता तळहात लाल बटणावर आपटला. लिफ्ट गचका देऊन थांबली. मजल्याची कड तिच्या गुडघ्याइतकी वर गेली होती.

सुनेने हात देऊन तिला वर ओढलं. दार लावून दोघी त्याला टेकून बसल्या.

"म्हणजे मघाशी पण तेच झालं होतं की काय?" सून अचानक म्हणाली.

"काय?"

"बाबांना तपासायला आणलं, तेव्हा हे दार अर्धवट उघडंच होतं. आम्ही बाकावर बसलेलो. बाबा उठून बघायला गेले, आणि आत पाय टाकणार तेवढ्यात नर्सने हाक मारली."

"मला आत नुसता अंधार दिसला," म्हातारा हसत म्हणाला. "म्हटलं, झालं, दुसराही डोळा गेला!"

पाहुणीला रडू फुटलं. ती बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होती, तेव्हा हा माणूस इथे पाय उचलत होता.

मॅडम आल्या, वर जाऊन आल्या. निळी वायर त्यांच्या मुठीत होती. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "फार सुबक केलीयस." बस, एवढंच. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या स्विच तपासायला दारापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "हे होईपर्यंत सगळ्यांना जिन्याने खाली सोडून ये."

दवाखान्यात ठेवलेलं सामान सुनेने दोन्ही हातांत घेतलं. पाहुणी म्हणाली, "मी कोणाला तरी बोलावते. बाबांना धरायला."

"कोणाला कशाला?" म्हाताऱ्याने हवेत हात चाचपडत पुढे केला. "तूच चल की, पोरी."

"बाबा, माझ्यामुळेच तर तुम्ही..."

"ऐकलं मी. कानाला पट्टी नाही बांधलेली."

त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्याने एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. खाली टाकेना. ती काय सांगते याची वाट बघत राहिला.

पाहुणीने खाली वाकून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "खाली पायरी आहे. टाका पाय."