जोशीणबाईंची दोन पोती

एकोणीसशे त्र्याहत्तर सालचा पाडवा उजाडला तोच अनंतराव जोशींना ताप भरला. निदान घरात त्यांनी तसं जाहीर केलं. कावेरीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, "ताप नाही, भ्यालायत तुम्ही," असं सांगितलं आणि धोतर-उपरणं पुढ्यात ठेवलं.

भिण्यासारखं होतंच. गेल्या पाडव्याला मारुतीच्या पारावर बसून याच अनंतरावांनी वर्षाचं पाऊसपाणी वाचलं होतं. पंचांगात पाऊस बेताचाच होता. पण समोरचे लोक म्हणाले, "वाढवा की बुवा जरा, सणाचा दिवस हाय," आणि भाजीवालीनं जुडीवर चार काड्या जास्त टाकाव्यात तसा अनंतरावांनी तो सोळा आण्यांवर नेला. त्यातला एक आणाही गावाच्या वाट्याला आला नाही. पेरलेलं जमिनीत भाजून निघालं, विहिरीच्या तळाशी पत्त्यांचे डाव पडू लागले आणि अख्खं गाव देवगाव फाट्याच्या रस्त्यावर सरकारी खडी फोडायला बसलं. अंदाज सांगणं हा तसा निर्धास्त धंदा आहे, पण लोकांची पोटं भरलेली असतील तरच. उपाशी माणसाची आठवण फार दांडगी असते.

आता गावापुढं एकच सवाल होता. घरोघरी राखेत घोळून मडक्यात ठेवलेली दोन-चार पायल्या ज्वारी उरली होती, बियाची. ती पेरणीपर्यंत ठेवायची की दळून खायची? पाऊस येणार असेल तर खाणारा मूर्ख, आणि येणार नसेल तर ठेवणारा उपाशी. याचं उत्तर आज पारावर मिळेल, असं जो तो धरून बसला होता.

अनंतरावांनी मात्र रात्रभर जागून एक युक्ती काढली होती. गावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जिथं जाऊन कुणी खातरजमा करणार नाही, अशाच मुलखाचं हवामान सांगायचं.

"या वर्षाचं नाव प्रमादी संवत्सर," त्यांनी खाकरून सुरुवात केली. "पूर्व समुद्रावर मोठं वादळ होईल. कोकणात अतिवृष्टी. गुजराथेत सोसाट्याचा वारा. आणि काश्मिरात भरपूर बर्फ पडेल."

"बुवा," मागून मुंजाजी ओरडला. हा मुंजाजी पलटणीत होता आणि परवाच रजेवर आला होता. "मी तिथूनच यायलोय. बर्फ पडून गेला, आता इतळायलाय. अन् तिथं बर्फ पडणार हे सांगायला पंचांग कशाला लागतंय?"

पारावर खसखस पिकली. अनंतरावांनी घाईघाईनं बर्फ सोडला आणि वाऱ्याकडं वळले, पण तेवढ्यात सुलाबाई पुढं आली.

सुलाबाई बौद्धवाड्यातली. छप्पन्न साली तिनं घरातले देव टोपलीत घालून दुधनेत सोडले होते आणि तेव्हापासून कुठल्याच देवाचं, बुवाचं किंवा पाटलाचं तिला भय उरलं नव्हतं. पदरी दोन एकर रान, घरात चार तोंडं आणि एक बियाचं मडकं.

"जोशीबुवा, काश्मिरात माझी जमीन न्हाई," ती म्हणाली. "माझ्या दोन एकराचं बोला."

"पंचांगात अमुक एका शेताचं लिहिलेलं नसतं, सुलाबाई."

"मग ऱ्हाऊ द्या. तसा पंचांगावर माझा इस्वास न्हाई. तुमच्यावर तर बिलकुल न्हाई. पर कावेरीबाईवर हाय." सगळे तिच्याकडं वळले. "गेल्या साली तुमी हितं सोळा आणे वाचलाव, अन् त्याच हप्त्यात बाईंनी घरातली कणगी गळ्यापस्तोर भरली. समद्या गावानं रेशनच्या परदेशी ज्वारीच्या, त्या मिलोच्या, लाल भाकरी गिळल्या, तुमच्या घरी पांढरीच व्हती. तवा यंदा बाईंनी काय भरलंय, तेवढं सांगा. मी माझ्या मडक्याचं त्यावर ठरवीन."

मग हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून गाव चुटपुटलं. "बोलली ते दुरुस्त हाय," सरपंच किशनराव म्हणाले. "वैनी, पुढं या."

अनंतरावांनी घाईनं पंचांग मिटलं. आठच दिवसांपूर्वी कावेरीबाईंनी मानवतच्या भावाकडून दोन पोती आणली होती, बैलगाडीत गवऱ्यांखाली लपवून. ती या घटकेला माजघरात, कोनाड्याखाली उभी होती. बायकोनं "भरली" म्हटलं की गाव घरी जाऊन बी दळणार, हे त्यांना दिसत होतं. "नाही" म्हटलं तर ते धडधडीत खोटं. नवरा खोटं बोलायचा तो निदान पोथीच्या आडून.

कावेरीबाई बायकांतून पुढं आल्या. "भरलीत," त्या म्हणाल्या. "दोन पोती."

पारावर हाय उठली. मागचे दोघं-तिघं तर उठून चालायलाच लागले.

"अहो, पुढचं तरी ऐका. खायला नाही भरली, पेरायला भरलीत. यंदा पाऊस लागणार, आणि तोवर तुम्ही सगळे बी खाऊन मोकळे होणार, हे काय मला कळत नाही? मग मिरगात माझ्याच दारी याल. तेव्हा एका पायलीला चार पायल्या घेईन, आत्ताच सांगून ठेवते."

"चार पायल्या!" किशनराव ताडकन उठले. "जोशीण लय पक्की हाय! अरे, हिला कामून द्यायच्या चार पायल्या? आपापलं बी संभाळा रे!"

माणसाचा देवावर, सरकारवर, हवामानावर विश्वास नसेल, पण दुसऱ्याच्या हावरटपणावर गाढ असतो. जोशीणबाईंना शिव्या घालत गाव आनंदानं घरी गेलं आणि प्रत्येकानं आपलं मडकं आणखी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

घरी आल्यावर अनंतरावांनी दार लोटलं. "अगं, ती मिलो आहे. मिलो कोण पेरतं?"

"कुणी नाही," कावेरीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार ढकलून सुलाबाई आली. अशा घरांच्या पायरीशी थांबायची जुनी रीत तिनं देवांबरोबरच नदीत सोडली होती. ती सरळ माजघरात आली. "बी दाखवा. किडकं असंल तर चार पायल्या जास्त हुतील."

अनंतराव पोत्यांपुढं हात पसरून उभे राहिले. कोंबडी राखणाऱ्यासारखे दिसत होते. "सरका," कावेरीबाई म्हणाल्या. सुलाबाईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठ भरून बाहेर काढली. दाणे लाल होते. वर्षभर तिनं तेच खाल्ले होते.

"हे तर खायचं हाय," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजी तुमाला बी पावसाचा भरवसा न्हाई."

"नाही."

सुलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. आज पहिल्यांदाच ती दमलेली दिसली. अनंतरावांना अतोनात लाज वाटली. पारावर हसं झालं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

"मग खोटं कामून बोललाव?"

"खरं बोलले असते तर आत्ता घरोघरी बी दळायला जाती फिरली असती. मग पाऊस येऊन तरी काय उपयोग? मातीत टाकायचं काय?"

सुलाबाईनं मुठीतले दाणे एकेक करून पोत्यात सोडले. "बी ठेवा म्हणणं सोपं हाय, बाई. माझी पोरं काय खातील ते कोण सांगंल? एक पोतं मला द्या. मिरगात माझ्या बियातलं अर्धं तुमचं. तुमच्याकडं बी पेरायला दाणा न्हाई, मला ठावं हाय."

"आणि पाऊस नाही आला तर?"

"तर त्याच बियाची भाकर करू. माझ्या घरी या जेवायला, दोघंबी."

अनंतरावांना ठसका लागला. कावेरीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "येऊ," त्या म्हणाल्या.

पोतं सुलाबाईला एकटीला उचलेना. अनंतरावांनी दुसरं टोक धरलं आणि भर दुपारी दोघं गावातून निघाले. ओट्यावर बसलेले लोक बघत राहिले. सुलाबाईनं आत्ताच बियाची सोय केली, म्हणजे पाऊस नक्की, असं त्यांचं एकमत झालं. घामाघूम झालेल्या अनंतरावांना कुणी हात दिला नाही.

परत आल्यावर ते माजघरात उभे राहिले. एकच पोतं उरलं होतं. आजवर त्यांनी सांगितलेला पाऊस लोकांच्या रानात पडायचा किंवा पडायचा नाही. त्यांचं काही जात नव्हतं. आज घरातली अर्धी भाकर त्या पावसाच्या नावानं दाराबाहेर गेली होती. त्यांनी चष्मा लावला आणि पंचांग उघडून मिरगाचं पान शोधायला लागले.

"सगळे केव्हाच घरी गेले," कावेरीबाई म्हणाल्या. "आता कुणाला वाचून दाखवताय?"

"कुणाला नाही," अनंतराव म्हणाले. "मला बघायचंय."