फक्त नाव बदललेलं

सातमजली इमारतीच्या जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा होती, आणि त्या टेबलामागे गेली बारा वर्षं इस्त्रीवाली उभी होती. तिला दुसरं नाव नव्हतंच म्हणा ना. आईबापांनी ठेवलेलं एक होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती. वॉचमनपासून सातव्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती इस्त्रीवाली, आणि तिची आठ वर्षांची लेक म्हणजे इस्त्रीवालीची भिंगरी, कारण ते पोर एका जागी दोन मिनिटं टिकत नसे.

विद्यापीठातली ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात कपडे नव्हते, वही होती. विषमतेचा अभ्यास करतेय म्हणाली. इस्त्रीवालीनं तिला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, ते काय असतं बाई? मुलगी जरा अडखळली, मग म्हणाली, कुणाला लिफ्ट मिळते, कुणाला जिना, तसं काहीतरी.

"मी तर जिन्याच्याही खाली," इस्त्रीवाली म्हणाली. "तुझ्या वहीत माझा रकानाच नाही."

दोघी हसल्या आणि तिथेच जमलं.

मग आठ महिने दर रविवारी वहीवाली येत राहिली. आधी स्टुलावर बसून नुसते प्रश्न विचारायची. पुढे पुढे पलंगपोस घडी करताना दुसरं टोक धरायला लागली, कॉलर आधी दाबायची की बाही हे शिकली, आणि एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाला पिवळा डाग पाडून दोन दिवस तोंड लपवून बसली. इस्त्रीवालीनं तो डाग लिंबू लावून काढला आणि चार शिव्या घातल्या, त्याही प्रेमाच्याच. भिंगरीला तर वहीवालीचं वेडच लागलं. एरवी वाऱ्यावर असणारं पोर तिच्याशेजारी तास तास बसून गणितं सोडवायचं. इस्त्रीवाली वाफेआडून त्या दोन डोक्यांकडे बघायची आणि तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. वहीवाली तिला 'ताई' म्हणायची, ती वहीवालीला 'पोरी'.

म्हणूनच तिनं ते सांगितलं.

रस्त्यापलीकडची शाळा चांगली होती. पण तिथं फक्त त्याच भागात राहणाऱ्या मुलांना घेत, आणि इस्त्रीवालीचं घर पुलापलीकडे, बसनं पाऊण तासावर. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर आजींनी आपलं विजेचं बिल दिलं होतं आणि ही मुलगी माझ्याकडे राहते असं सहीनिशी लिहूनही दिलं होतं. आजी स्वतः चाळीस वर्षं शिक्षिका होत्या. मुलीचं डोकं आहे, ते वाया घालवू नकोस, एवढंच म्हणाल्या. भिंगरी त्या शाळेत आता तिसरीत होती.

हे सांगण्याआधी इस्त्रीवालीनं वही बंद करायला लावली होती. वहीवालीनं ती बंद करून पिशवीत टाकली.

"हे पोटात ठेव, पोरी."

"ठेवलं, ताई."

सहा महिन्यांनी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, इस्त्रीवालीला बोलावणं पाठवलं. ती ओल्या हातानंच गेली. टेबलावर जाड पुठ्ठ्याचा अहवाल होता. वहीवालीला वर्गात बसून निरीक्षण करायला शाळेनं परवानगी दिली होती, म्हणून रिवाजाप्रमाणे एक प्रत शाळेला आली होती. मोठ्या बाईंनी खूण घातलेलं पान काढून वाचायला सुरुवात केली. शाळेसमोरच्या सातमजली इमारतीच्या जिन्याखाली इस्त्री करणारी एक स्त्री. नाव कुठल्याशा फुलाचं दिलेलं, आणि तळाशी बारीक अक्षरात, नाव बदललं आहे. पण बारा वर्षं तिथेच होती, एकुलती मुलगी तिसरीत होती, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचं विजेचं बिल होतं.

इस्त्रीवाली उभ्यानंच ऐकत होती. आपलंच बोलणं, आपल्याच शब्दांत, परक्या बाईच्या तोंडून येत होतं. "डोकं आहे, ते वाया घालवू नकोस" हेसुद्धा जसंच्या तसं होतं. तिला आठवलं, हे सांगताना आपण रडलो होतो. तेही लिहिलेलं होतं.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी वाचलंच नसतं तर बरं झालं असतं, पण आता डोळेझाक केली तर उद्या माझ्यावर शेकेल. वर्ष संपेपर्यंत त्यांनी मुलीला बसू द्यायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी मात्र घराजवळची शाळा. आजींनाही शाळेचं पत्र गेलं. त्या आठवड्यापासून आजींचे कपडे इस्त्रीला आले नाहीत आणि लिफ्टमधून उतरल्या की त्या मान वळवून जाऊ लागल्या.

वहीवाली दुसऱ्याच दिवशी धापा टाकत आली. डोळे सुजलेले होते.

"ताई, मी तुमचं नाव कुठेच घेतलेलं नाही. अगदी मोठ्या बाईंनी फोन केला तेव्हासुद्धा."

"माझं नाव ठाऊक कुणाला होतं?"

वहीवालीनं स्टूल पुढे ओढलं, पण ती बसली नाही.

"फोनवर काय विचारलं त्यांनी?"

"ती हीच का, असं."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"तसं चालत नाही आमच्याकडे, संशोधनात. होही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही."

"म्हणजे झालंच की सांगून." इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. "वही तर तू बंद केली होतीस."

"घरी जाऊन लिहिलं." तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, ताई. तुमच्यासारख्या कितीतरी आया असतील, त्यांच्यासाठी..."

"त्या कितीतरी आयांना मी ओळखत नाही. माझी एकच लेक आहे. ती आजी माझी कुणी नव्हती, तरी माझ्यासाठी खोटं बोलली. तू 'नाही' एवढा एक शब्द बोलली नाहीस."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते इस्त्रीवालीला आज कळत होतं. कापणारी समोर खरंखुरं रडत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

जूनमध्ये भिंगरी पुलापलीकडच्या शाळेत जाऊ लागली. एका वर्गात सत्तर पोरं, आणि गणिताचे मास्तर बदली होऊन गेलेले, त्यांच्या जागी कुणीच नाही. महिनाभरात पोरीनं वहीत नुसती चित्रं काढायला सुरुवात केली. आणि तेव्हाच, वहीवाली पुन्हा जिन्याखाली येऊन उभी राहिली. रविवारी येऊ का, भिंगरीला शिकवायला, एवढंच विचारलं तिनं.

तोंडावर आलेलं सगळं इस्त्रीवालीनं गिळलं. तिला हाकलून द्यायचं सुख हवं होतं. किती दिवस तिनं मनातल्या मनात ते सुख घोळवलं होतं. पण शेजारी भिंगरी उभी होती, श्वास रोखून.

"या, मॅडम," ती म्हणाली. "दहा ते बारा. तिलाच शिकवायचं."

वहीवालीचा चेहरा उतरला, पण रविवारी ती आली. पायरीवर ती आणि भिंगरी बसल्या. मध्ये एकदा वहीवालीनं मान वर करून इस्त्रीवालीला विचारलं, नवी शाळा कशी आहे?

"बरी आहे, मॅडम."

"आणि तुम्ही?"

"बरी आहे."

इस्त्रीवालीनं पुढचा शर्ट घेतला, पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं भिंगरी ओरडली, आलं, आई, मला भागाकार आला. वहीवालीनं तिची पाठ थोपटली, दोघी हसायला लागल्या, आणि ते हसू अगदी पूर्वीसारखं होतं. इस्त्रीवालीनं फक्त लेकीकडे बघून मान हलवली, दुसरीकडे नजर जाऊ दिली नाही, आणि कॉलर दाबायला घेतली.