एक फूट वजा

एकसष्ट साली मी चोवीस वर्षांची होते आणि तंत्रशिक्षण खात्याच्या तपासणी पथकात घेतलेली पहिली बाई होते. पथक म्हणजे तरी काय, तर आमचे साहेब, मी आणि एक शंभर फुटी टेप.

त्या वर्षी सरकारने नवा नियम काढला होता. ज्या संस्थेला सरकारी पदविका द्यायची असेल तिची तपासणी व्हायची. यंत्रं किती, शिक्षक कोण, आणि आरेखनाच्या वर्गात दर विद्यार्थ्यामागे पंचवीस चौरस फूट जागा आहे की नाही. त्याआधी कोणीही उठावं आणि संस्था काढावी असं चाललेलं होतं. साहेब म्हणत, "चार भिंती, दोन लेथ आणि एक पाटी. झाली संस्था!" नियम चांगला होता. मी आजही तसंच म्हणते.

आमची टेप मात्र चांगली नव्हती. कधीतरी गाडीच्या दारात अडकून तिचा पहिला फूट कडीसकट तुटला होता. अख्खी टेप निकामी झाल्याशिवाय भांडारातून नवी मिळत नसे. म्हणून पहिल्या दिवशीच साहेबांनी मला सांगितलं, "वाचायचं आणि एक वजा करायचा. विसरलीस तर संस्थेला फुकट जागा मिळेल." कचेरीत त्याची थट्टाच झाली होती. कोणी आपलं वय सांगितलं की पलीकडून आवाज यायचा, "एक वजा करून का?" दोन महिन्यांत मला त्याची इतकी सवय लागली की आकडा डोळ्यांतून कागदावर येईपर्यंत एक आपोआप गळायचा.

हेडक्लार्कांना माझं पथकात असणं मुळीच पसंत नव्हतं. मला ऐकू येईल अशा बेताने ते म्हणायचे, "इमारत मोजायची आहे हो, तिला झबलं शिवायचं नाहीये." साहेब त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे. मला घेण्यासाठी त्यांनी संचालकांपर्यंत भांडण नेलं होतं. "हिची चूक निघाली तर जबाबदार मी," असं ते तिथे म्हणून आले होते. हे मला नंतर कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

ती शाळा रेल्वेच्या यार्डाजवळ होती. ती चालवणारे मास्तर पूर्वी इंजिनाच्या कारखान्यात नकाशे काढायचे. ठेंगणे, पिकलेल्या मिशांचे, बोटांना कायम शाई. आरेखनाच्या वर्गात चाळीस विद्यार्थी, त्यात सहा मुली. तेव्हा सहा मुली म्हणजे केवढं नवल! मुली खिडकीशी उंच स्टुलांवर ओळीने बसल्या होत्या आणि मी आत गेल्यावर सहाही जणी एकदम वळून बघायला लागल्या.

"पुढे बघा," मास्तर ओरडले. "बाई तपासणीला आल्यात, लग्नाला नाही."

त्यांतली एक उंच, काटकुळी मुलगी सगळ्यांत आधी हसली. मास्तरांच्या बहिणीची मुलगी. वर्गात तिला फुटपट्टी म्हणत. तिच्या ड्रॉइंगबोर्डावर पाणीपुरवठ्याच्या टाकीचा नकाशा होता आणि त्यातली अक्षरं छापल्यासारखी होती. ती मला हळूच म्हणाली, "ताई, पाणीपुरवठा खात्यात आरेखकाच्या दोन जागा निघाल्यात. पण सरकारी पदविकाच पाहिजे म्हणतात. मिळेल ना आम्हाला?"

"सगळं नियमात असलं तर का नाही मिळणार?" मी म्हणाले.

साहेब लेथ मोजायला शेडमध्ये गेले. मी पिशवीतून आमची टेप काढली तशी मास्तर हसायला लागले. "अहो, हिचं डोकं कोणी उडवलं? ठेवा ती. माझ्याकडे अख्खी आहे." त्यांनी कपाटातून चामडी डबीतली टेप काढली, तिची पितळी कडी स्वतः भिंतीला धरून उभे राहिले, आणि मी दुसऱ्या भिंतीशी आकडा वाचला. एक्केचाळीस. मी चाळीस लिहिलं. रुंदी पंचवीस. मी चोवीस लिहिलं. तोंडाने काही म्हटलं नाही, कारण फुटपट्टी मला कंपासपेटी दाखवत होती आणि मी तिच्याकडे बघून मान हलवत होते.

खोली एक हजार पंचवीस चौरस फूट होती. माझ्या कागदावर ती नऊशे साठ झाली. लागत होती एक हजार.

अहवाल गेला. वर्गाला मान्यता नाकारल्याचं पत्र मापांसकट त्यांना गेलं. तीन आठवड्यांनी मास्तर कचेरीत आले. स्वच्छ धुतलेला सदरा, काखेत पिशवी. साहेबांच्या टेबलासमोर बसले आणि पिशवीतून ती चामडी डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी बाजूच्या खुर्चीवर फाइल घेऊन बसले होते. मी ती डबी बघितली. त्या क्षणापर्यंत मला काहीही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी सगळं ठाऊक झालं.

"साहेब, खोली मी स्वतः बांधून घेतली आहे," मास्तर म्हणाले. "एकदा परत मोजा, एवढंच मागणं आहे."

"मास्तर, नापास झालेली प्रत्येक संस्था हेच मागते. फेरमोजणी कधी होते माहीत आहे ना? मोजणाऱ्यावर लेखी शंका घेतली तर." साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मोजणी हिने केली आहे. तुमची हिच्यावर शंका आहे का?"

दारात हेडक्लार्क उभे होते. हातात कसलासा कागद होता, पण त्यांना आत यायचंही नव्हतं आणि जायचंही नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता, वर्गात कच्च्या मुलाला उत्तराच्या जवळ नेतात तसा. "बाई, आठवून सांगा. त्या दिवशी आपण कुठल्या टेपने मोजलं?"

एक वाक्य बोलायचं होतं. "तुमच्या," एवढा एक शब्दही पुरला असता. मी साहेबांकडे बघितलं, दारातल्या हेडक्लार्कांकडे बघितलं, आणि म्हणाले, "कचेरीच्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांनी डबी उचलली, बाहेर आलेली पितळी कडी अंगठ्याने आत ढकलली आणि ती पिशवीत ठेवली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "बाईंवर माझी शंका नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा," साहेब चांगुलपणाने म्हणाले. मास्तर गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "शाब्बास. असंच ठाम राहायचं."

घरी आले ती थेट स्वयंपाकघरात वहिनीजवळ जाऊन बसले. आई लवकर गेली, मला वहिनीनेच वाढवलेलं. ती पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं, रडले. तिने हात धुतले नाहीत, तशाच पिठाच्या हातांनी माझा चेहरा वर केला.

"मग उद्या जाऊन सांग."

"नोकरी जाईल वहिनी. साहेबांचं तोंड काळं होईल. परत कधी बाईला घेणार नाहीत."

"तुझी जाईल. तुझ्यानंतरच्या बाईचं तू कशाला ठरवतेस? त्या पोरींचं काय? उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. त्याच्या पुढच्या दिवशी मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि जावक नोंदवही मागून परत आले. संध्याकाळी वहिनीने विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणाले. "बघतो म्हणालेत."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी गुणाची बाई ती."

पुढच्या वर्षी मास्तरांनी पुन्हा अर्ज केला. तोवर नवा नियम आला होता, एका जिल्ह्यात आरेखनाचा एकच वर्ग. तो दुसऱ्या संस्थेला मिळालेला होता. मास्तरांच्या अर्जावर 'दफ्तरी दाखल' हे शब्द मीच टंकलिखित केले.

साहेब पुढे संचालक झाले. निरोपाच्या समारंभात भाषण करताना त्यांनी मला उभं केलं आणि सांगितलं, "मी एका मुलीवर विश्वास टाकला आणि तिने तो कधी खाली पडू दिला नाही." टाळ्या झाल्या. हेडक्लार्क निवृत्त झाले त्या दिवशी स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो होतो हो तुमच्याबाबतीत." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

मी उपसंचालक म्हणून बाहेर पडले. नव्या नियमावलीतलं मोजणीचं कलम माझं आहे. दोन टेपांनी, दोनदा, संस्थेच्या माणसासमोर मोठ्याने आकडा वाचून मोजायचं आणि दोघांनी जागेवर सही करायची. इतका काटेकोर विचार केलात म्हणून लोक कौतुक करतात. माझ्या हाताखाली अकरा मुली तपासणीला गेल्या. त्यांची नावं मनात घोळवून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत होते.

वहिनी सत्याऐंशी साली गेली. आपल्या मुलींना ती सांगायची, आत्याकडून शिका, नोकरी पणाला लावून खरं बोलली. मुली माझ्याकडे आदराने बघायच्या. अजून बघतात.

मास्तरांनी वर्ग बंद केला. यार्डाजवळच्या त्या खोलीत नंतर पोत्यांचं गोदाम झालं. ते गेल्याचं मला वर्षभराने कळलं.

फुटपट्टी राहिली होती. तिला शोधायला मला एक महिना लागला आणि जायचं ठरवायला सहा. ती बहात्तर वर्षांची, मी चौऱ्याहत्तर. एका बांधकामवाल्याच्या कचेरीत तिने एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली होती. दुसऱ्याच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो जसाच्या तसा उतरवायचा. खाली सहीच्या चौकटीत दुसऱ्याचं नाव. पदविका नसली की नकाशा आपल्या नावाने काढता येत नाही. हाही आमच्याच खात्याचा नियम.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मामांना माहीत होतं. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी ओळखलं. दोन्ही बाजूंनी बरोब्बर एकेक फूट कमी."

"मग ते साहेबांसमोर बोलले का नाहीत?"

"म्हणाले, तिला विचारलं, तिने सांगितलं नाही. मी आणखी ताणलं असतं तर त्या खात्यात परत बाई दिसली नसती, आणि तुम्ही पोरी कुठे गेला असता?" मग ती म्हणाली, "आम्ही सहाजणी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, आम्ही आत्ता कुठे जाणार ते सांगा. मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही."

"मलाही," मी म्हणाले.

"तुम्हाला पटून काय उपयोग आता?"

तिने चहा केला, तो मी घेतला. क्षमा तिने केली नाही आणि मी मागितली नाही. मागितली असती तर ती आणखी एक लबाडी झाली असती.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. वरच्या पायरीवर उभी राहून, मी कठड्याला धरून उतरायला लागल्यावर म्हणाली, "सावकाश. सतरा आहेत. शेवटची दोन इंच जास्त उंच आहे, चुकीची बांधलीय."

मी मोजत उतरले. शेवटची खरंच उंच होती.