बोटांखालचा चेहरा

शाळेची मुलं कोलाज बघायला येणार म्हणून मोठ्या बहिणीने सकाळीच धाकटीची कामाची खोली आवरली. एरवी तिला तिथे केरसुणी न्यायचीही बंदी होती. पण पाहुणे यायचे आणि टेबलावर धूळ, हे तिला बघवेना.

टेबलावर आईचा चेहरा होता. आईचा फोटो असा कोणी कधी काढलाच नव्हता. धाकटीने तो कागदाच्या कपट्यांतून जुळवला होता: भिंतीवरून सोललेल्या जाहिराती, चहाच्या पुड्या, साबणाची वेष्टनं, फाटका नकाशा. आधी सगळं कोरडंच मांडायचं, प्रत्येक कपट्यावर लाकडी बटण वजन म्हणून ठेवायचं, आणि मनासारखं झाल्यावरच खळ लावायची, ही तिची रीत. या चित्राचं तोंड मात्र जमत नव्हतं. ओठांचा तांबडा कपटा ती रोज हलवायची.

"चिकटवून टाक बाई एकदाचं," मोठी म्हणायची. "तुझे डोळे गेल्यातच जमा, डॉक्टरांनीही हात टेकलेत. हे विस्कटलं तर पुन्हा जुळायचं नाही."

"तोंड चुकलं तर ती आई नाही, शेजारीण होईल."

मुलं आली तशी ती टेबलाभोवती दाटून उभी राहिली. मागे त्यांच्या बाई, घाम पुसत.

"म्हणजे कचरा चिकटवायचा?" एका दात पडलेल्या मुलाने विचारलं.

"कचराच. पण पारखून," धाकटी म्हणाली, आणि एक बटण उचलून दाखवायला तिने चित्राच्या कपाळाकडे हात नेला. बोटांना नुसता कागद लागला. तिने हात हळूच गालाकडे सरकवला, मग हनुवटीकडे. तिथेही कागदच.

"ताई, बटणं कुठायत?"

"अगं, किती मळली होती. साबणाच्या पाण्यात भिजत घातलीत."

तेवढ्यात बाईंनी खिडकी उघडली. वारा आत आला, केसांचा एक काळा कपटा उठला आणि दात पडलेल्याने तो हवेतच झेलला. बाई खिडकी लावायला धावल्या, पण ती अर्ध्यात येऊन अडली ती अडलीच.

"कोणी हलायचं नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी सगळे जागीच थांबले. "समोरच्या एकेका कपट्यावर बोट ठेवा. नुसतं ठेवा. सरकवायचं नाही."

बोटंच बोटं टेबलावर आली.

"पुसून आणू का बटणं?" मोठी दाराकडे वळली.

"लाकूड आहे ते. पाणी मुरलंय. कागद फुगेल."

"माझ्याकडे गोट्या आहेत," कोणीतरी म्हणालं.

"गोट्या घरंगळतात, राजा. ताई, खळ आण."

"आत्ता?"

"मग कधी, ही पोरं म्हातारी झाल्यावर?"

कडेपासून सुरुवात झाली. मोठी एकेक बोट उचलायची, कपट्याखाली खळ फिरवायची, कपटा जागच्या जागी बसवायची. धाकटी विचारायची, "कुठला?"

"हिरवा."

"तो लाकडाच्या वखारीच्या दारावरचा. सोलताना मालकाने कुत्रं सोडलं होतं अंगावर."

"हा नकाशाचा," एक मुलगी म्हणाली.

"तो शाळेतला. त्यापायी मला शाळेतून काढलं."

"का?"

"नकाशाच कापत होते म्हणून. हसू नका, आई उडेल."

हसू गिळून मुलांचे गाल फुगले. एकाला शिंक येऊ लागली, तर शेजारच्याने मोकळ्या हाताने त्याचं नाक दाबून धरलं. खिडकीतून पुन्हा वारा आला. मोठीचा ब्रश थांबला, वारा पडला तसा पुन्हा चालू लागला. केस झाले, कपाळ झालं, गाल झाले.

शेवटी एकच बोट उरलं. ते एका मुलीचं होतं, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिच्या बोटाखाली ओठ होते.

"कसे दिसतात ग?" धाकटीने तिला विचारलं.

"एका बाजूने वर गेलेत. हसल्यासारखे."

"ताई, खरं सांग. अशी होती?"

चिकटव, चिकटव म्हणून इतके दिवस मागे लागलेली मोठी ब्रश धरून उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "एवढी हसायची नाही ती. बोलायच्या आधी ओठ जरासे उघडायचे, आणि कोपरे खाली."

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

धाकटी मुलीकडे वळली. म्हणाली, "मुली, ताई सांगेल तसं सरकव."

"खाली," मोठी म्हणाली. "अजून. आता तो कोपरा. पुरे, पुरे."

तिने खळ लावली. मुलीने बोट टेकवून कागद धरून ठेवला.

"झालं?" धाकटीने विचारलं.

मोठी चेहऱ्याकडे बघत राहिली. "आता ओरडेल असं वाटतंय," ती म्हणाली.

"मग बरोबर आहे," धाकटी म्हणाली, आणि मुलीला बोट काढायला सांगितलं.