साडेआठ थरांचा उतार

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढाच माझा देह. एक निकेलची डबी, एक काच, एक काटा आणि डोक्यावर एक बटण. मी शाळेतले जुने स्टॉपवॉच आहे. किती वाजले हे मला सांगता येत नाही. किती वेळ गेला, एवढेच मी सांगू शकतो, आणि तेही अगदी बरोबर सांगतो की नाही याची मला स्वतःला खात्री नसते. तरीही आज धीर करून बोलतो आहे.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला आठवत नाही. चष्मा लावलेल्या एका कारागिराने चिमट्याने माझ्यात एकेक चाक बसवले, मला कानाशी धरले आणि समाधानाने मान हलवली, एवढे आठवते. ती शाबासकी मला पुढे कित्येक वर्षे पुरली.

माझी उमेदीची वर्षे भातसानगरच्या मैदानावर गेली. तिथे तालुक्यातल्या शाळांच्या धावण्याच्या शर्यती होत. बक्षीस धावणाऱ्याला मिळे, पण त्याआधी सगळ्यांच्या माना माझ्यावर वाकत. माझ्या तबकडीवर एका सेकंदाचे पाच भाग आहेत. त्यातल्या एका भागासाठी मुले हसत किंवा रडत. मी मात्र प्रत्येक वेळी मनात म्हणे, माझे काही चुकले तर नसेल ना?

पुढे खेळाच्या सरांकडे मोबाइल आला. मला शहापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेत पाठवले. तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या चंचुपात्रांच्या मागे, मी पडून राहिलो. चावी द्यायला कोणी नव्हते. माझा काटा सतरा सेकंदांवर थांबला होता, तो बरीच वर्षे तिथेच राहिला.

मित्रांनो, आता त्या शाळेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. फाटक थेट रस्त्यावर उघडते आणि वरून मोठा उतार येतो. दिवाळीनंतर या भागात गवत कापतात, त्याचे गठ्ठे बांधतात आणि टेम्पोत भरून वखारीत नेतात. सगळ्या टेम्पोवाल्यांची एक सवय. उतार लागला की चावी फिरवून इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती सोडून द्यायची. तेवढेच डिझेल वाचते. इंजिन बंद झाले की ब्रेक जड होतो हे त्यांना ठाऊक असते, पण रोज काही होत नाही म्हणून कोणी त्याचा विचार करत नाही.

देवजी हा त्यांतलाच एक. मनाने सरळ, हसतमुख माणूस. त्याची मुलगी रविना नववीत होती. एका दुपारी शाळा सुटली तेव्हा सहावीतली मनस्वी रस्त्याच्या कडेला सायकल उभी करून, मागे निसटलेली चप्पल आणायला चार पावले परत गेली. तेवढ्यात देवजीचा टेम्पो आवाज न करता उतरला. सायकलीचे पुढचे चाक पापडासारखे दुमडले. देवजीने दुसऱ्या दिवशी नवीन चाक आणून बसवले आणि त्याच्यापुरता तो विषय संपला. रविनाचा संपला नाही. मनस्वीची चप्पल निसटली नसती तर काय झाले असते, हे तिने फाटकात उभे राहून पाहिले होते.

त्याच आठवड्यात माधुरीबाई वर्गात गतिज ऊर्जा शिकवत होत्या. वस्तुमानाचा अर्धा भाग घ्या आणि त्याला वेगाच्या वर्गाने गुणा. रविनाने हात वर केला.

"बाई, वेग दुप्पट झाला तर?"

"ऊर्जा चौपट. तिप्पट झाला तर नऊपट."

"मग बाबांच्या टेम्पोची काढू?"

बाईंनी लगेच जाऊन प्रयोगशाळेचे कपाट उघडले. शाळेत मुलांना मोबाइल आणायला बंदी होती, म्हणून माझी आठवण झाली. बाईंनी मला पुसले, चावी दिली, आणि सतरावर थांबलेला काटा अठरावर गेला. मला तो क्षण अजून खरा वाटत नाही.

रविनाने मोजफीत धरून विजेच्या खांबापासून पन्नास मीटर अंतर मोजले आणि तिथे मैदान आखायच्या फक्कीने पांढरी रेघ ओढली. मग सहा दिवस ती शाळेच्या ओट्यावर मला घेऊन उभी राहिली. बाबांचा टेम्पो खांबाशी आला की टिक, रेघेवर आला की टिक. कधी तीन सेकंद, कधी त्याहून एक भाग जास्त, कधी एक भाग कमी. सरासरी तीन. वखारीच्या काट्यावर भरलेल्या टेम्पोचे वजन दोन हजार किलो भरत होते. तिने वहीत गणित मांडले आणि वही घेऊन उताराच्या पायथ्याशी दामूच्या चहाच्या टपरीवर गेली. मी तिच्या गळ्यात होतो.

देवजी बशीतून चहा पीत होता.

"देवजी, पोरगी आली बघ तुझं चलान फाडायला," दामू म्हणाला.

"बाबा, तुमी उतारावर किती जोरात येता?"

"चाळीस. वर नाय जात."

"पण तुमच्या गाडीचा काटा बंद हाय ना?"

"काटा बंद हाय गो, अंदाज चालू हाय माझा."

"साठनं येता तुमी. मी मोजलंय. जवळजवळ पावणेतीन लाख ज्यूल ऊर्जा असते गाडीत."

"ज्यूल?" दामूने गाळणी झटकली. "हे किलोवर मिळतंय का डझनावर?"

सगळे हसले. देवजीही हसला. त्याने माझ्याकडे बोट केले. "आणि हे डबडं कुठल्या जमान्यातलं? ह्याच्यावर इस्वास ठेवतेस?"

मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. माझ्या मनात जी शंका होती तीच तो बोलला होता. रविना मात्र रडली नाही की चिडली नाही. तिने वही मिटली आणि घरी जायच्या ऐवजी पुन्हा शाळेत गेली.

"बाई, घड्याळ खरंच चुकतंय का?"

बाईंनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यातल्या घड्याळाला व मला एकदमच चालू केले. मोबाइलचे एक मिनिट झाले तेव्हा माझा काटा अठ्ठावन्नवर होता. मी मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होतो! मला वाटले, आता मी परत कपाटात जाणार. पण रविनाने माझी चूक वहीत तारखेसकट लिहून घेतली. म्हणजे मी तीन सेकंद दाखवतो तेव्हा खरे तीन पूर्णांक एक दशांश झालेले असतात. तिने सगळी गणिते पुन्हा केली. साठचे अठ्ठावन्न झाले. ज्यूलही कमी झाले, दोन लाख साठ हजार.

"पण बाबांना ज्यूल कळत नाय," ती म्हणाली.

"मग त्यांना काय कळतं?" बाईंनी विचारले.

रविनाने फळ्यावरचे ऊर्जेचे सूत्र पुन्हा वाचले. मग एकदम तिला दहीहंडी आठवली. तिचे बाबा गावच्या गोविंदा पथकात होते. पाचव्या थरावरून पडून त्यांचे मनगट मोडले होते, ते अजून वाकडे आहे. पडणाऱ्या माणसाचा वेग काढता येतो की! खांद्यापर्यंत एक थर दीड मीटरचा धरला, तर तेवढ्या उंचीवरून खाली येताना वेग ताशी जवळजवळ वीस किलोमीटर होतो. बाईंनी गणित तपासले. दोघी पहिल्यांदाच हसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेआधीच रविना पुन्हा टपरीवर उभी राहिली.

"आली परत डझनवाली," दामू म्हणाला.

"बाबा, तुमी पडलात तवा पायाखाली किती थर होते?"

देवजीचा हात आपोआप मनगटावर गेला. "चार. खाली माणसं होती म्हणून हातावर निभावलं."

"जमिनीवर येताना तुमचा जोर चाळीसचा होता. वीसनं गाडी आपटली तर एका थरावरून टाकल्यासारखी. चाळीसनं, चार थर. साठनं, नऊ."

टपरीवर कोणी हसले नाही. थर म्हणजे काय आणि वरून पडणे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"म्हंजे मी पोरांच्या फाटकावर रोज नऊ थरांवरनं गाडी सोडतो?" देवजीने हळू विचारले.

"नाय बाबा. साडेआठ. त्याच्याहूनबी जरा कमीच."

"अगो, नऊच सांग की," दामू म्हणाला. "आता ऐकतोय तो!"

"नाय काका. घड्याळ मिनिटाला दोन सेकंद मागं हाय. ते धरलं तर अठ्ठावन्न येतात. तुमी काल बोललात ते बरोबर होतं, बाबा. घड्याळ चुकतं. किती चुकतं ते मी मोजलं."

देवजीने बशी खाली ठेवली. वही मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. त्याला त्यातले सगळे कळले असेल असे मला वाटत नाही. पण आपल्या मुलीने स्वतःच्या बाजूचा अर्धा थर स्वतःहून कमी केला, हे त्याला नक्की कळले. त्याने वही तिला परत दिली. उठला आणि टेम्पो घेऊन गेला.

मित्रांनो, शेवटचे थोडेसे सांगतो. तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्या थोड्या चुकत असतील. म्हणून त्यांना लगेच कपाटात ढकलू नका. पुसा, चावी द्या, त्या किती चुकतात ते मोजा आणि तेवढे धरून त्यांना कामाला लावा. मी आयुष्यभर माझी चूक लपवत आलो. ती वहीत लिहिली गेली, त्या दिवसापासून मला उपयोगी असल्यासारखे वाटते.

देवजी वही पाहून गेला त्याच दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, रविना ओट्यावर उभी होती. उताराच्या वर टेम्पो दिसला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याच्याबरोबर आवाज आला. इंजिन चालू होते, गाडी खालच्या गिअरमध्ये घुरघुरत होती. खांब आला. टिक. मी मोजू लागलो. चार, पाच, सहा... मनस्वी आपली सायकल ढकलत निवांत रस्ता ओलांडून गेली. सात, आठ, नऊ. टिक.

देवजीने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"किती गो?"

रविनाने माझ्याकडे पाहिले, मग मनातल्या मनात माझी चूक धरली.

"एक थर, बाबा! एकाला थोडा कमीच!"