मध्ये फक्त एक रविवार

*तुम्ही सध्या नोकरी करता का?*

नाही.

मार्नी थॅक्रेने ‘नाही’वर बोट टेकवलं, आणि जरा जास्तच जोरात टेकवलं. फोनच्या काचेला कोपऱ्यात आधीच तडा होता, तो आणखी थोडा पुढे सरकला. टेबलाखाली अडीच वर्षांची विनी चमच्याने टेबलाच्या पायाला बडवत बसली होती. नाताळ आठवड्यावर आला होता.

नोकरी नव्हती, पण मिळालेली होती. कॅरॅव्हॅनच्या कारखान्यातून माणसं कमी केली तेव्हा मार्नीचं पोट सहा महिन्यांचं होतं. त्यानंतर आता कुठे हे जमलं होतं. इंग्लंडमधल्या हल शहराच्या रस्त्यांवर बस चालवायची, आधी प्रशिक्षण आणि प्रशिक्षणातही पगार. परीक्षा दिली, डोळे तपासून झाले, हातात पत्र पडलं. बारा जानेवारीला रुजू व्हा.

पाळणाघर जोसीचं. जोसी म्हणाली होती, “जानेवारीपासून माझ्याकडे एकच जागा आहे, मार्नी. कोड आण, जागा विनीची. एकतीस डिसेंबरच्या आत आण, नाहीतर खाली चौदा पोरं रांगेत उभी आहेत.”

कोड देणार सरकार. आईबाप कामावर असतील तर आठवड्याच्या तीस तासांचे पैसे सरकार पाळणाघराला देतं. ते मिळाले नाहीत तर मार्नीचा सगळा पगार उचलून जोसीला द्यायचा आणि वर बसच्या तिकिटाला आईकडे हात पसरायचा. बस चालवणाऱ्या बाईने.

म्हणजे सगळं एका कोडावर अडलेलं. कोड असेल तर पाळणाघर, पाळणाघर असेल तर नोकरी, आणि कोड मिळायला नोकरी हवी.

*करत नसाल, तर कोणत्या तारखेला सुरू करणार?*

बारा जानेवारी

ही तारीख तिने लिहिलीही होती. तेवढ्यात वरून एक मेल टपकलं, आणि अर्ज तसाच सोडून तिने ते उघडलं. प्रशिक्षक ऑब्री यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे नवीन तुकडी दोन फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपणा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. खाली टोपी घातलेल्या बसचं चित्र.

तिने बारा जानेवारी खोडली.

दोन फेब्रुवारी

पुढचं पान आलं. *या सत्रासाठी तुम्ही पात्र नाही.* शुभेच्छा नव्हत्या, पण दिलगिरीही नव्हती, तेवढा तरी प्रामाणिकपणा.

मदतीच्या नंबरवर बराच वेळ बासरी वाजली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई मधूनमधून सांगत राहिली. विनीने चमचा टाकून रडायला सुरुवात केली, थांबली, पुन्हा सुरू केली. मग गेथिन नावाचा माणूस बोलायला लागला. आवाज मऊ, वेल्सकडचा. या आवाजावर ओरडणं कठीण जाणार, हे मार्नीला लगेच कळलं आणि त्याचाच तिला राग आला.

“जानेवारीच्या सत्रासाठी तुम्ही एकतीस जानेवारीपर्यंत कामावर रुजू व्हायला हवं,” गेथिन म्हणाला. “तुमची तारीख दोन फेब्रुवारी आहे.”

“एकतीसला शनिवार आहे.”

“हो, दिसतंय मला.”

“एकला रविवार. दोनला सोमवार, आणि सोमवारी मी कामावर.”

“बरोबर.”

“म्हणजे मध्ये फक्त एक रविवार आहे.”

“मध्ये एक रविवार आहे, हो.”

“त्या रविवारी मी काय करायला हवं? एखादी बस पळवून गावभर फिरवू?”

गेथिन हसला नाही. त्याला हसायची परवानगी नसावी. “तुम्ही एप्रिलच्या सत्रासाठी अर्ज करू शकता.”

“आणि एप्रिलपर्यंत पोरगी कुठे ठेवू? डिकीत?”

“त्याबद्दल मला सल्ला देता येणार नाही.”

“नाहीच येणार तुम्हाला.”

“आणखी काही मदत करू शकतो का?”

*आणखी.* मार्नीने फोन टेबलावर पालथा ठेवला. तडा आता काचेच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

*वरील माहिती खरी आहे, असं तुम्ही जाहीर करता का?*

आई मॉरीन हेसल रोडवरच्या चिप्सच्या दुकानात काउंटरला होती. दुपारची गर्दी ओसरली होती. तिने मार्नीपुढे बटाट्याची पॅटी ठेवली, विनीपुढे चिप्स, आणि चिप्सवर लाल मसाला भुरभुरवला.

“तीस जानेवारी लिही,” ती म्हणाली.

“तीसला मी कामावर नाहीये.”

“लिहिल्याने काय बिघडतं? लंडनहून माणूस येणारे का तुझ्या खिडकीतून बघायला?”

“मागच्या वेळी न येताच पकडलं होतं की.”

मागच्या वेळी म्हणजे कारखान्यातून काढलं तेव्हा. भत्त्याच्या अर्जात मार्नीने शेवटच्या पगाराची तारीख टाकली, शेवटच्या कामाची नाही. ते तिला कुणी सांगितलंही नव्हतं. जास्त दिलेली रक्कम मग दर महिन्याला तिच्या भत्त्यातून कापत राहिले, विनी जन्माला आली, रांगायला लागली, तरी कापतच होते.

“खालचं वाक्य बघ,” मार्नी म्हणाली. “खोटी माहिती दिल्यास. पुढचं वाच ना.”

“माझा चष्मा आत आहे.”

“गळ्यात आहे तुझ्या.”

मॉरीनने चष्मा डोळ्याला लावला नाही. “मग त्या बसवाल्यांना जाऊन सांग ना. तुझ्या जागी मी असते तर आत्तापर्यंत तिथली टेबलं उलटी केली असती.”

“तू असतीस तर काही केलं नसतंस. इथे बसून मसाला भुरभुरवला असतास.”

हे लागलं. मार्नीला ते लागलेलं दिसलं, पण शब्द परत घ्यायला तिच्यात तेवढी जागा शिल्लक नव्हती. तिने विनीचा कोट चढवला. एक बाही उलटी गेली, तशीच राहू दिली.

बसडेपोत दारावर कुणी अडवलं नाही. व्यवस्थापक ग्लिनिसच्या खोलीत चमकणारं छोटं झाड होतं, आणि खुर्चीवर कुबडी टेकवून ऑब्री बसला होता, तोच गुडघेवाला. तीस वर्षं बस चालवून आता शिकवणारा. त्याच्या हातात सुक्या मेव्याची नाताळची वडी होती.

“तू आत कशी आलीस?” ग्लिनिसने विचारलं.

“दारातून.”

मार्नीने सगळं सांगितलं. एकतीस, दोन, रविवार. ग्लिनिसने मान तिरकी करून ऐकलं. दुःखद बातमी ऐकताना करतात तशी.

“समजू शकते मी.”

“समजू नका. तारीख बदला.”

“तारीख तुकडीची असते, मार्नी. अकरा जणांची. मला एकटीसाठी—”

“मला शनिवारी बस धुवायला लावा. काचा पुसायला लावा. तुमचा संडास घासते, एक दिवस. पगार द्या एक दिवसाचा आणि पत्रावर तारीख टाका.”

“तसं नसतं ते.”

“कसं असतं मग?”

ग्लिनिसने ऑब्रीकडे पाहिलं. ऑब्रीने वडी खाली ठेवली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटणारी माणसं बोलायला नको ते बोलतात.

“माझ्या या पायामुळेच हे झालं, पोरी,” तो म्हणाला. “शुक्रवारी येशील ना, तेव्हा आपण बघू काहीतरी.”

“कुठला शुक्रवार?”

“तुकडीच्या आधीचा. सगळेच येतात. गणवेशाचं माप, तिकिटाच्या मशीनची ओळख, यार्डात गाड्यांभोवती फिरवतो मी. आठला येतात, चारला जातात. पहिल्यापासूनची पद्धत आहे इथली.”

“पगारी?”

झाडावरचे दिवे लाल झाले, हिरवे झाले.

“ती ओळख असते,” ग्लिनिस म्हणाली. “काम नाही.”

मार्नीने विनीला कडेवरून खाली ठेवलं, कारण आता हात मोकळे हवे होते. “मी शुक्रवारी आले नाही तर?”

“यायलाच लागतं.”

“उशिरा आले तर?”

“तर तुकडीत घेता येणार नाही.”

“तुम्ही सांगाल तिथे, तुम्ही सांगाल त्या वेळी, तुमच्या मशीनवर, तुमच्या यार्डात, आणि नाही आले तर नोकरी जाणार. याला कामच म्हणतात, ग्लिनिस. माझ्या पोरीलाही कळेल ते. तीस जानेवारीला मी कामावर आहे. फक्त तुम्ही फुकट राबवून घेताय, म्हणून सरकारला दिसत नाही.”

आवाज चढलेला नव्हता. ग्लिनिसला नेमकी त्याचीच भीती वाटली असावी. तिने उठून दार लावून घेतलं.

“किती वर्षं चाललंय हे?” मार्नीने ऑब्रीला विचारलं.

“मलाही त्या दिवसाचे पैसे नव्हते दिले,” ऑब्री म्हणाला, आणि हे आपल्याला आजवर कधी खटकलं नाही याचंच त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मेल आलं. नवीन पत्र. *रुजू होण्याचा दिनांक: ३० जानेवारी.* एका दिवसाचा पगार त्यात धरलेला. सोबत ग्लिनिसचा फोन, कारण काही गोष्टी मेलवर लिहीत नाहीत.

“हे फक्त तुझ्यापुरतं आहे, मार्नी. कळलं ना? बाकी दहा जणांच्या पत्रावर दोन फेब्रुवारीच आहे. तू बोललीस तर सगळ्यांना द्यावं लागेल. आणि प्रशिक्षणाचे पहिले महिने माणूस कच्चाच असतो, काढायला कारण लागत नाही. हे मी धमकी म्हणून सांगत नाही.”

“मग कशाला सांगताय?”

“तुझ्या भल्यासाठी.”

विनी झोपली होती. झोपेत तिचा अंगठा तोंडातून निसटला होता आणि ओठ तसेच गोल राहिले होते.

“कळलं,” मार्नी म्हणाली.

अर्ज उघडला. तीस जानेवारी. खरी माहिती. जाहीर करते. कोड आला, अकरा आकडे. एवढ्याशा आकड्यांसाठी आपण गयावया केली, हे तिला ते आकडे लिहून घेताना सहन होईना. तिने ते जोसीला पाठवले. जोसीचा निरोप आला, *बघ, झालं ना शेवटी सगळं नीट!* आणि एक हसरा चेहरा.

नीट. मार्नीने तो चेहरा पुसून टाकला. मग आईला फोन केला, आणि तिने उचलला.

“पॅटी चांगली होती,” मार्नी म्हणाली.

“गार झाली होती,” मॉरीन म्हणाली.

*आणखी काही सांगायचं आहे का?*

हा प्रश्न अर्जात नव्हता.

तीस जानेवारीला, आठच्या आधीच, सगळे डेपोच्या कॅन्टीनमध्ये जमले. मार्नीने विनीला जोसीकडे सोडलं होतं. विनीने दारात वळूनही पाहिलं नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटायला मार्नीला बसमध्ये तेवढाच वेळ मिळाला. ग्लिनिस टेबलाशी उभी राहून टेपने मापं घेत होती. ऑब्री कुबडी सोडून काठीवर आला होता. तो मार्नीशी बोलला नाही, पण सगळ्यांत आधी तिच्याच हातात चहा दिला.

कोटाच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत येत होत्या. शेजारी मिरेक नावाचा पोलिश माणूस होता, मिशा पिकायला लागलेल्या. त्याला कोट इतका घट्ट बसला होता की हात वर होत नव्हते.

“बस चालवायला हात कशाला लागतात,” तो म्हणाला. लोक हसले.

“मुलं आहेत?” मार्नीने विचारलं. असंच, बोलायचं म्हणून.

“एक मुलगा. दोन वर्षांचा. पाळणाघर मिळालं होतं, मग गेलं. सरकार म्हणालं, दोन तारीख चालत नाही, उशीर झाला.” त्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला, कोटाने उडवू दिले नाहीत. “आता बायकोने रात्रपाळी घेतली. मासळीच्या कारखान्यात. मी घरी आलो की ती निघते. पोरगा आम्हाला दोघांना एकत्र बघतो ते रविवारी.”

“रविवारी,” मार्नी म्हणाली.

“हो. रविवार चांगला असतो.”

टेबलाशी ग्लिनिसचा हात थांबला होता. ती इकडे पाहत नव्हती, पण टेप कुणाच्या तरी छातीभोवती तशीच राहिली होती, आणि तो माणूस श्वास धरून उभा होता. मार्नीच्या मनात विनीचा कोट येऊन गेला, जोसीकडच्या खुंटीवर टांगलेला, वर विनीच्या नावाची चिठ्ठी. ती खुंटी काल संध्याकाळपर्यंत तिला जगातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटत होती.

मिरेकला आता कोड मिळणार नव्हता. अर्जाची मुदत डिसेंबरातच संपली होती. त्याला सांगून त्याचं काय भलं होणार होतं? काहीच नाही. तिचं मात्र वाईट होऊ शकत होतं.

“मिरेक,” ती म्हणाली, आणि मग आवाज एवढा मोठा केला की काउंटरच्या मागे कप धुणारी बाईही थांबली. “तुझ्या पत्रावर कुठली तारीख आहे?”

“सांगितलं ना. दोन.”

“माझ्या पत्रावर आजची आहे. आजचा पगार मला मिळणार आहे. मी भांडले म्हणून. तुम्हाला कुणालाच मिळणार नाहीये, आणि मी गप्प बसावं असं मला सांगितलंय.”

मग एकीने खिशातून फोन काढला आणि पत्र शोधायला लागली. तिच्या मागचा दुसरा. मिरेक मार्नीकडे पाहत राहिला. डिसेंबरातली कुठली तरी तारीख त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू मोजली जात होती.

“त्या वेळी सांगायला हवं होतंस,” तो म्हणाला.

“हो,” मार्नी म्हणाली.

“मार्नी,” ग्लिनिस अगदी हळू आवाजात म्हणाली, “जरा बाहेर येतेस?”

“कशाला? आज मी कामावर आहे ना?” मार्नीने लांब बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. “मग कामाचंच तर बोलतेय. इथेच बोला.”